त्रेपन्न आणि पस्तीस



दुसरीच्या वर्गात श्रुतलेखन चालू आहे अशी कल्पना करा. बाई 'त्रेपन्न' म्हणतात आणि एक मूल पाटीवर ३५ लिहिते. शेजारच्याचे बरोबर येते, म्हणून या मुलाच्या वाट्याला 'लक्ष नाही' हा शेरा. वास्तविक त्याने कान देऊनच ऐकले होते. आधी 'त्रे' कानावर पडले, त्याने आधी तीन लिहिला. मागून 'पन्न' आले, त्याने पाच लिहिला. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहिताना मात्र दशक डावीकडे मांडतो, ही गोष्ट त्याला अजून कुणी फोड करून सांगितलेली नाही. ज्याचे उत्तर बरोबर आले त्याने ऐकलेले दोन तुकडे क्षणभर डोक्यात धरून ठेवले, त्यांची अदलाबदल केली आणि मग पाटीला खडू लावला. हे डोक्यात धरून ठेवणे म्हणजे मानसशास्त्रज्ञ ज्याला कार्यकारी स्मृती म्हणतात ती. ती सगळ्यांचीच तोकडी असते आणि सातव्या वर्षी तर फारच तोकडी. व्याख्यानासाठी ठरलेला विषय 'मेंदूविज्ञान आणि वर्गातले अध्यापन' असा भारदस्त आहे, पण मला जे म्हणायचे आहे ते या पाटीवर जवळजवळ मावते. मेंदूचा अभ्यास शिक्षकाला काय विचारावे हे शिकवतो. काय करावे हे मात्र आपल्याच अक्षरांत, आपल्याच आकड्यांत आणि आपल्याच वर्गांत मोजून ठरवावे लागते. हे मधले मोजणे टाळून प्रयोगशाळेतून थेट फळ्यावर उडी मारण्याची घाई जगभर झाली आहे, आणि त्या घाईचे हिशेब आता बऱ्यापैकी उपलब्ध आहेत.

अमेरिकेने १९९० नंतरचे दशक 'मेंदूचे दशक' म्हणून जाहीर केले. जिवंत माणसाचा मेंदू काम करताना दाखवणारी यंत्रे नुकतीच आली होती आणि शिक्षणखात्यांना त्या रंगीत चित्रांची भुरळ पडणे साहजिक होते. १९९७ साली जॉन ब्रुअर यांनी एक लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच म्हटले की शिक्षण आणि मेंदू यांच्यातला हा पूल आवाक्याबाहेरचा आहे. त्यांचे म्हणणे सरळ होते. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या बालपणी झपाट्याने वाढतात हे खरे, पण एवढ्यावरून तीन वर्षांच्या मुलाला काय शिकवावे हे निघत नाही. मध्ये एक खांब लागतो, आणि तो बोधात्मक मानसशास्त्राचा, म्हणजे लक्ष, स्मृती, वाचन, आकडेमोड यांच्या वर्तनातून केलेल्या अभ्यासाचा. मेंदूविज्ञान ते मानसशास्त्र हा एक पूल आणि मानसशास्त्र ते वर्ग हा दुसरा. हे दोन छोटे पूल बांधता येतात. एकाच कमानीचा लांबलचक पूल कोसळतो.

कोसळतो म्हणजे काय, याचे उदाहरण घरचेच घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे की मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. आकारमान मोजले तर वाक्य खोटे नाही. सहाव्या वर्षी मेंदू जवळजवळ प्रौढांएवढा झालेला असतो. पण आकारमान म्हणजे विकास नव्हे. पीटर हटनलोखर यांनी १९७० च्या दशकापासून मेंदूतल्या जोडण्या अक्षरशः मोजल्या. दृष्टीच्या भागात त्या पहिल्या वर्षाच्या आसपास कळसाला पोचतात आणि मग कमी होत जातात; कपाळामागच्या भागात, जिथे नियोजन आणि संयम यांची कामे चालतात, तिथे ही छाटणी किशोरवयातही चालूच राहते. म्हणजे वाढीतला मोठा भाग कापाकापीचा आहे, आणि तो पंधराव्या वर्षीही संपलेला नसतो. बालशिक्षणावर खर्च करायला माझा विरोध नाही. अंगणवाडीत चांगले अन्न, खेळ आणि बोलणारी माणसे हवीत, आणि ती मुलांना आजच आनंदाने जगता यावे म्हणून हवीत. त्यासाठी ८५ टक्क्यांचा दाखला लागत नाही. त्या दाखल्याचा तोटा मात्र होतो. सहावे वर्ष उलटले की गाडी सुटली, असा अर्थ पालक काढतात आणि अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देणाऱ्या शाळा त्या धास्तीवर चालतात.

धास्तीचा बाजार यापुढेही जातो. मोत्झार्टचे संगीत ऐकून बुद्धी वाढते ही समजूत १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून निघाली. तो प्रयोग महाविद्यालयीन तरुणांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकणारा; पण १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी अर्थसंकल्पात पैसे मागितले. आपल्याकडे बोटांच्या ठशांवरून मुलाची 'जन्मजात बुद्धिमत्ता' आणि करिअर सांगणारे लोक शाळांच्या सभागृहांत जाऊन हजारो रुपये घेतात, 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांकडून वाचन करवून दाखवतात. नाकाच्या कडेने, पट्टीखालच्या फटीतून दिसते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवले आहे. असल्या दुकानदारीवर हसणे सोपे आहे. कठीण प्रश्न आहे तो चांगल्या, वाचणाऱ्या, जिज्ञासू शिक्षकांचा. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांना मेंदूविषयीची विधाने देऊन खरे-खोटे विचारण्यात आले. मेंदूबद्दलच्या प्रचलित भ्रमांपैकी सरासरी निम्मे त्यांना खरे वाटत होते, आणि मेंदूची सर्वसाधारण माहिती ज्यांना जास्त होती त्यांचा भ्रमांवरचा विश्वासही जास्त होता. दहांतल्या नऊहून अधिक जणांना वाटत होते की प्रत्येक मूल दृक्, श्राव्य किंवा कृतिप्रधान असते आणि त्याला त्याच्याच वाटेने शिकवले तर ते अधिक शिकते. आपल्या प्रशिक्षण शिबिरांतही हे त्रिकूट सर्रास भेटते. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या समजुतीचा पुरावा शोधला. तो मिळायला हवा तर एकाच प्रयोगात दृक् मुले चित्राने आणि श्राव्य मुले कानाने सरस ठरायला हवीत. असे दाखवणारे भरवशाचे प्रयोग त्यांच्या हाती जवळजवळ लागलेच नाहीत. आवड असते, हे खरे. पण नकाशा बघूनच शिकावा लागतो आणि तालाची समज ऐकूनच येते, मग मूल कोणत्याही 'प्रकारचे' असो. पद्धत ठरते ती विषयाच्या स्वभावावरून.

अशा वातावरणात प्रामाणिक संशोधनाचेही काय होते ते बघा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राशी निगडित एका अभ्यासात वेदपठण करणाऱ्या २१ व्यावसायिक पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे तेवढ्याच इतर माणसांशी ताडून पाहिली गेली. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. स्मृतीशी संबंधित भागांत फरक दिसला. दहा-दहा तास, वर्षानुवर्षे अचूक उच्चाराने पाठांतर करणाऱ्या माणसात तो दिसावा यात नवल नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांतही वेगळ्या प्रकारे दिसला होता. शिवाय आधीपासूनच उत्तम स्मरणशक्तीची मुले त्या परंपरेत टिकून राहतात की परंपरेने स्मरणशक्ती घडते, हे एकदाच काढलेल्या छायाचित्रावरून सांगता येत नाही. पण बाहेर बातमी पसरली ती 'संस्कृतमुळे मेंदू वाढतो' अशी. मधला खांब नसला की पाटीवरचे विधान असे हातोहात बदलते.

मग हे सगळे सोडूनच द्यावे का? ब्रिस्टल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेफ्री बॉवर्स यांनी २०१६ साली जवळजवळ असेच म्हटले, आणि त्यांचा आक्षेप या विषयावरचा सर्वांत नेटका आक्षेप आहे. शिकवण्याची नवी रीत उपयोगी आहे की नाही हे मुलाला वाचता येते की नाही यावरून ठरते. मुलाला वाचता येत असेल तर मेंदूत काहीतरी बदलले असणारच, ते छायाचित्राने सांगायची गरज नाही. वाचता येत नसेल तर मेंदूत झालेला बदल काय चाटायचा? म्हणजे दोन्ही बाजूंनी छायाचित्र फालतू. त्यांच्याच विद्यापीठातले पॉल हॉवर्ड-जोन्स यांनी सहकाऱ्यांसह त्याच वर्षी उत्तर दिले की वर्तन आणि मेंदू अशी एकमेकांविरुद्ध निवड करायची नसून एकाने दुसऱ्याच्या कल्पना तपासायच्या असतात. मला बॉवर्स यांचा पहिला अर्धा मान्य आहे. कोणतीही पद्धत शेवटी मुलाच्या वहीतच सिद्ध व्हायला हवी. ती अट सैल केली की पुन्हा बोटांचे ठसे दारात उभे राहतात. दुसऱ्या अर्ध्याशी मात्र पटत नाही, कारण काही गोष्टी वहीत दिसायच्या आत समजून घ्याव्या लागतात. २०११ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी वाचन-अक्षमता असलेल्या २५ मुलांचा अडीच वर्षे केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला. यांतली काही मुले पुढे सुधारली, काही नाही. कोण सुधारेल हे सुरुवातीच्या कोणत्याही वाचनचाचणीवरून सांगता आले नव्हते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या काही मोजमापांवरून बऱ्याच अचूकपणे सांगता आले. मुले थोडी आहेत आणि एवढ्यावर धोरण उभे राहत नाही. पण 'वहीत सगळे दिसतेच' या दाव्याला या अभ्यासाने खिंडार पाडले. शिवाय आळशी, ढ, मठ्ठ या शब्दांनी वाचन-अक्षमतेचा निकाल लावणाऱ्या घराघरांत, हा दोष इच्छाशक्तीचा नाही हे सांगायला मेंदूविज्ञानाइतका वजनदार साक्षीदार दुसरा नाही.

वाचनाचाच धागा पुढे नेतो, कारण इथे आपल्या लिपीचा संबंध येतो. स्तानिस्लास दहान आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही निरक्षर, काही मोठेपणी शिकलेले, काही लहानपणापासून वाचणारे. वाचन शिकले की डाव्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, एक भाग अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो, आणि तो मोठेपणी शिकलेल्यांतही देतो. पुढे लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी शिक्षणापूर्वी आणि नंतर छायाचित्रे घेतली. २०१७ साली त्यांनी कळवले की बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता न राहता खोल, दृष्टीची वाहतूक सांभाळणाऱ्या भागांपर्यंत गेला आहे. तिशीतल्या बाईचा मेंदू सहा महिन्यांत एवढा हलतो, हे प्रौढ साक्षरता वर्गाच्या दारावर लिहून ठेवावे असे आहे. पण त्या वर्गात काय शिकवायचे? आधी 'क ख ग' की आधी 'कमळ'? मात्रा कधी? जोडाक्षर किती उशिरा? लखनौचे छायाचित्र यावर काही बोलत नाही, आणि बोलेल अशी अपेक्षाही धरू नये.

हा प्रश्न दुसऱ्या पुलावरचा आहे, आणि त्या पुलासाठीचे बहुतेक दगड आजवर इंग्रजीच्या खाणीतून आले. इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या मुलाची अडचण अशी की अक्षरे सव्वीसच, पण त्यांचे उच्चार बेभरवशाचे. देवनागरीत उच्चार बराचसा भरवशाचा, पण चिन्हांची फौज मोठी आणि तिची मांडणी तिरपागडी. 'किती' हा शब्द घ्या. पहिली वेलांटी 'क'च्या आधी उभी आहे, उच्चार मात्र 'क'च्या नंतर. 'स्थिती'त ती दोन व्यंजने ओलांडून पुढे जाऊन बसते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवरच्या प्रयोगात दाखवले की ही पहिली वेलांटी असलेले शब्द वाचायला वेळ जास्त लागतो. 'कर्म'मधला र् ज्या अक्षराच्या आधी बोलायचा त्याच्याच डोक्यावर चढतो. 'क्रम'मध्ये तोच पायाशी तिरका होतो. शिवाय मराठीने आपली स्वतःची भर घातली आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक एका चंद्रकोरीचा, पण एका ठिकाणी गुरू आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांबाबत दाखवले आहे की अक्षरज्ञान पूर्ण व्हायला चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो, आणि हा मुलांचा दोष नसून लिपीच्या विस्ताराचा स्वाभाविक परिणाम आहे. इंग्रजीच्या वेळापत्रकावर मोजून आपल्या तिसरीतल्या मुलाला 'मागे' म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे. नंदिनी चटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने मानेसरच्या केंद्रात तयार झालेली 'डाली' ही वाचन-अक्षमतेची चाचणी २०१५ मध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आली. एवढी साधी सोय मराठीतून शिकणाऱ्या मुलासाठी व्हायला एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षे जावी लागली, हे मात्र नोंदवून ठेवतो.

आता पाठांतर. या शब्दावर आपल्याकडे दोन छावण्या आहेत. एकीला पाढे म्हणजे संस्कार, दुसरीला घोकंपट्टी म्हणजे बालहत्या. ज्ञानरचनावादाची भाषा आल्यापासून दुसरी छावणी अधिकृत झाली आणि पहिली घरोघर जिवंत राहिली. पुरावा दोघींचीही पंचाईत करतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली, कोणत्याही यंत्राशिवाय, स्वतःवरच निरर्थक शब्दावयव पाठ करून केलेले मोजमाप प्रसिद्ध केले. एका दिवसात सलग ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधले. जवळजवळ शतकानंतर एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीत दाखवले की एकदम दिलेल्या शिकवणीपेक्षा दिवसांच्या अंतराने दिलेली शिकवण टिकते, आणि पुढे तिची रासायनिक यंत्रणाही उलगडली. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. क्रम ध्यानात घ्या. वहीने आधी सांगितले, पेशीने नंतर दुजोरा दिला. आणि तरीही आपली पाठ्यपुस्तके अपूर्णांक ऑगस्टमध्ये 'संपवतात'. घटक संपला, चाचणी झाली, आता तो थेट वार्षिक परीक्षेत. दुसरी गोष्ट रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगातली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणारे ४२, आठवणारे ५६. म्हणजे लागलीच घेतलेली परीक्षा वाईट पद्धतीला चांगले गुण देते, आणि विद्यार्थी, शिक्षक, पालक सगळेच त्या गुणांवर खूश होतात.

पाढ्यांच्या वर्गात हे असे दिसते. चाळीस मुले एका सुरात 'बे एके बे' म्हणत आहेत. ज्याला येते तो म्हणतो, ज्याला येत नाही तो शेजाऱ्याच्या आवाजावर तरंगत जातो. 'सात आठे' आले की त्याचे ओठ नुसते हलतात आणि 'छप्पन्न'ला पुन्हा आवाज फुटतो. इथे घोकणे चालू आहे, आठवणे चालू नाही. जुने पंतोजी हे ओळखून असावेत, कारण पाढा म्हणून झाला की तो आडवातिडवा विचारायची पद्धत होती: 'नऊ साते?' आणि लगेच 'सात नवे?' पावकी-निमकी, दीडकी-औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांतले आज काय ठेवावे यावर वाद होऊ शकतो (माझे मत विचाराल तर औटकीला निरोप द्यायला हरकत नाही), पण आडवातिडवा विचारण्यावर नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांची बेरजा करतानाची छायाचित्रे सव्वा वर्षाच्या अंतराने दोनदा घेतली. मुले बोटे मोजणे सोडून उत्तर आठवू लागली तसा स्मृतीच्या केंद्राचा सहभाग वाढला आणि कपाळामागच्या भागावरचा भार हलका झाला. जी मुले आठवतात त्यांच्याकडे गणिताचा पुढचा टप्पा समजून घ्यायला जागा मोकळी राहते. समजणे आणि आठवणे यांना एकमेकांचे शत्रू ठरवणारे दोन्हीकडचे लोक या जागेचा विचार करत नाहीत.

पुलाचे अंतर न मोजल्याचे एक उदाहरण घाईने सांगून त्रेपन्नकडे परत येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. कारण झोपेचे दिले गेले आणि लहान मुलांना झोप हवीच. पण शाळेची वेळ पुढे ढकलावी असे सांगणारे सर्वांत भक्कम संशोधन किशोरांचे आहे. तारुण्यात येताना शरीराचे घड्याळच उशिरा सरकते, त्यांना लवकर झोप येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा नको म्हटले ते माध्यमिक आणि त्यापुढच्या वर्गांबद्दल. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळेत लहानांना नऊनंतर बोलावले की सकाळची सातची पाळी कुणाच्या वाट्याला येते? नेमकी नववी-दहावीच्या.

त्रेपन्नचा वाद महाराष्ट्राने एकदा जोरात घातला आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष, दिवंगत गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी कारण सांगितले की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एक झाला आणि जोडाक्षरे टळली तर मुलांना सोपे जाईल. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, हेही त्यांनी सांगितले. गदारोळ झाला, विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या. मराठी बुडाली असे एक टोक, मुलांची सुटका झाली असे दुसरे. मोजून बघू या, हा सूर क्षीण राहिला.

मोजायचे तर जगात आधार आहे. जर्मन भाषाही 'तीन-आणि-पन्नास' म्हणते. जर्मन बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलांवरच्या २००९ च्या अभ्यासात संख्या लिहिताना झालेल्या सुमारे निम्म्या चुका अंकांच्या अदलाबदलीच्या निघाल्या, आणि कार्यकारी स्मृती दुबळी असलेल्यांत त्या अधिक. इथे कुणी म्हणेल, मुले वेगळी, शाळा वेगळ्या, तुलना कशी करायची? त्याचे उत्तर चेक भाषेने दिले आहे. चेकमध्ये दोन्ही पद्धती बोलल्या जातात. त्याच सात वर्षांच्या मुलांना सरळ पद्धतीने आकडे सांगितले तर अदलाबदल क्वचित होते, उलट पद्धतीने सांगितले तर भरपूर होते. नॉर्वेने तर १९५१ साली संसदेच्या निर्णयाने संख्यावाचन उलटवून सरळ केले. गंमत म्हणजे कारण मुलांचे नव्हते, टेलिफोनचे होते. ऑपरेटरला क्रमांक सांगताना घोळ होत असत. तरीही नॉर्वेत आजही जुन्या पद्धतीने मोजणारी माणसे भेटतात. भाषा फतव्याने बदलत नाही, हा विरोधकांचा मुद्दा नॉर्वेच्या अनुभवावरून निम्मा खरा ठरतो. दुसराही एक आक्षेप रास्त आहे: गाउस आणि हिल्बर्ट 'तीन-आणि-पन्नास' म्हणतच मोठे झाले, मग अडचण कसली? अडचण कायमची नाही, पहिल्या दोन-तीन वर्षांची आहे, आणि ती सगळ्यांची नाही, काही मुलांची आहे. गाउसला कोणतीही पद्धत चालली असती. प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलाचा आहे, ज्याच्या हातून पहिल्याच वर्षी गणित निसटते.

पण जर्मनचा पुरावा मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि माझा मुद्दा इथेच आहे. जर्मन मुलाला उलट क्रम भेटतो, पण तुकडे ओळखीचे असतात. मराठीत तुकडेही वेष बदलतात. तीनचे तेवीसमध्ये 'ते', त्रेपन्नमध्ये 'त्रे', त्र्याहत्तरमध्ये 'त्र्या'. पन्नासचे एकावन्नमध्ये 'वन्न' आणि चोपन्नमध्ये 'पन्न'. त्यात एकोणपन्नास: कानाला पन्नास ऐकू येते आणि लिहायचे असतात चाळीस आणि नऊ. मूल ५९ लिहिते तेव्हा ते अगदी तर्कशुद्ध वागत असते. शिवाय एकोणनव्वदला जो नियम चालतो तो नव्व्याण्णवला चालत नाही. म्हणजे क्रमाचा भार वेगळा, वेषांतराचा वेगळा. 'पन्नास तीन' म्हटल्याने दोन्ही उतरतात. पण मुलाला दुकानात, एसटीत, आजीच्या तोंडी त्रेपन्नच ऐकायचे असल्यामुळे एक तिसरा भार चढतो, दोन नावे जोडून ठेवण्याचा. या तिन्हींची बेरीज-वजाबाकी जर्मनीत किंवा लखनौला होणार नाही.

ती कुठे होईल? 'एकशिक्षकी शाळा, दोन वर्ग एकत्र, निवडणुकीची कामे, ॲपवर माहिती भरणे. त्यात आता संशोधनही?' असा शिक्षकांचा आक्षेप येईल आणि तो सर्वस्वी योग्य आहे. म्हणून जे आधीच चालू आहे त्यातूनच सुरुवात करू. श्रुतलेखन दर शनिवारी होतेच. एका तालुक्यातल्या चाळीस शाळा घ्या, चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत पहिले तीन महिने 'पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न' अशी दोन्ही नावे जोडीने, उरलेल्यांत नेहमीप्रमाणे. सगळीकडे त्याच वीस संख्या: सहा 'एकोण'वाल्या, सहा वेषांतराच्या, चार सरळ दशके, चार अकरा ते अठरामधल्या. शिक्षिकेने पाटी बघून चूक-बरोबर न लिहिता, मुलाने नेमके काय लिहिले तेवढेच टिपायचे: ३५, ५९, ५०३, किंवा कोरे. ३५ लिहिणाऱ्याची अडचण क्रमाची आहे, ५९ लिहिणाऱ्याची 'एकोण'ची, आणि ५०३ लिहिणाऱ्याला स्थानिक किंमतच अजून कळलेली नाही. तिघांनाही एकच शेरा मिळतो तो चुकीचा आहे. तीन महिन्यांनी मोजायचे आणि पुन्हा, सुट्टीनंतर जूनमध्ये, कारण लगेच घेतलेल्या चाचणीची लबाडी आपण मघाशी पाहिली. मग ज्या मुलांच्या वहीत जूनमध्येही ३५ राहिले असेल त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञाला बोलवायचे, आणि गरज पडली तर त्याने मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेला विचारायचे. प्रश्न तोपर्यंत नेमका झालेला असेल: वीस संख्या, अमुक इतकी मुले, आणि एवढ्या ठिकाणी ५३ च्या जागी ३५.